घडलं कधी, लिहिलं कधी

आमच्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मली. हेंद्रेपाड्यात माझ्या वयाच्या कुणाचाही शाळेचा दाखला बघा, नाहीतर आधार कार्ड बघा, १ जून. काही घरांत तर दोन सख्खे भाऊ, दोघंही १ जूनचे. कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन गुरुजींपुढे उभा राहायचा. गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? बाप म्हणायचा, "लावणी झाली व्हती, गौरींच्या पुढंमागं." गुरुजी पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. वय शाळेच्या हिशेबात बरोबर बसायचं.

माझी आई शेवटपर्यंत सांगायची की मी झालो तेव्हा लावणी आटोपून गौरी यायच्या होत्या. म्हणजे श्रावण-भाद्रपद. पण तिच्या तारखेला सरकारदरबारी किंमत नाही. माझ्या बरोबरीचे जे अंबरनाथच्या कारखान्यांत लागले ते सगळे गुरुजींच्या तारखेप्रमाणे ३१ मेला निवृत्त झाले. पेन्शन, फंड, सगळं त्या तारखेवर. जन्माची वेळ आईला माहीत होती, लिहिण्याची वेळ गुरुजींना माहीत होती, आणि कागदावर एकच रकाना होता.

मी दहावीपर्यंत शिकलो, पुढं शेती केली. पण घरातले आणि गावातले कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर बरं होतं आणि चष्मा लागायला वेळ होता. चाळीस वर्षं कागद वाचून एक गोष्ट पक्की झाली. कुठलीही नोंद हातात आली की दोन प्रश्न वेगळे विचारायचे. हे घडलं कधी? आणि हे लिहिलं कधी? बऱ्याच वेळा तिसराही असतो, हे लागू कधीपासून? गावातली निम्मी भांडणं या तीन तारखा एकच समजल्यामुळे होतात.

ही अक्कल नवी नाही. पेशवाईतल्या मोडी कागदांवर सालं शुहूर सनाची असायची. खमस, सीत, सबा, समान असे अरबी आकडे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इंग्रजी साल येतं. या सनाला मृगसाल म्हणायचे, कारण सूर्य मृग नक्षत्रात शिरला की ते साल बदलायचं. म्हणजे सरकारचं वर्ष आणि शेतकऱ्याचं वर्ष एकाच दिवशी सुरू व्हायचं, पहिल्या पावसाच्या तोंडावर. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आज आमचं पीक जूनला सुरू होतं, महसुली वर्ष १ ऑगस्टला, बँकेचं १ एप्रिलला, दुकानदाराचं दिवाळीच्या पाडव्याला आणि आमचं स्वतःचं गुढीपाडव्याला. एकाच भाताच्या खंडीला पाच वर्षं लागू होतात.

त्या कागदांतली दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पत्र लिहिणारा आपली तारीख घालायचा आणि ज्याच्याकडे पत्र यायचं तिथला कारकून त्यावर वेगळी नोंद करायचा, पैवस्ती अमुक तारीख. पैवस्ती म्हणजे पावलं. एकाच पत्रावर दोन तारखा, लिहिल्याची आणि पोचल्याची. याचं महत्त्व काय ते पानिपतावरून कळतं. १४ जानेवारी १७६१ ला तिथं सगळं संपलं होतं. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते आणि त्यांना खबर दहाएक दिवसांनी, माळव्यात पोचली. मधल्या दहा दिवसांत त्यांनी जी पत्रं धाडली असतील, जे हुकूम दिले असतील, ते भाऊसाहेब जिवंत आहेत असं धरून. आज आपण १४ तारीख डोक्यात ठेवून ते वाचलं तर माणूस वेडा वाटेल. पैवस्तीची तारीख बघितली तर माणूस वेडा नव्हता, त्याला माहीत नव्हतं एवढंच. कुणाच्या वागण्याचा न्याय करायचा असेल तर त्या दिवशी खरं काय होतं हे पुरत नाही, त्या दिवशी त्याच्या हातात कुठला कागद होता तेही बघावं लागतं.

आमच्या बदलापुरात हे गोंधळ आगगाडीने आणखी वाढवले. कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे १८५६ साली गेली आणि गावाला घड्याळ मिळालं. पण घड्याळ कुणाचं? मुंबईची वेळ वेगळी होती, आणि रेल्वे पुढं कित्येक वर्षं मद्रासच्या वेळेवर चालायची, ती मुंबईपेक्षा अर्धा तास पुढं. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच वेळ ठरली, तीही मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढं. मुंबईकरांना ते पटलं नाही. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. मधे लढाईच्या काळात, १९४२ ते १९४५, सरकारने देशभर घड्याळ तासभर पुढं ढकललं होतं. आजा मुंबईला भाजी घेऊन जायचा. तो म्हणायचा, गाडीची येळ येगळी, शेठची येळ येगळी, कोंबड्याची येळ तेवढी खरी. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. जुन्या कागदावर "सकाळी ८ वाजता" असं असलं तर कुठल्या घड्याळाचे आठ हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता व्यापाऱ्याच्या वहीकडे येतो. आमच्या भागात भाताच्या बरोबरीने गवताचा मोठा धंदा होता. मुंबईच्या तबेल्यांना गवत लागायचं. पावसाळा सरला की माळावरचं गवत कापायचं, वाळवायचं आणि गाडीत भरून वखारीवर टाकायचं. वखारीत ते दाबून गठ्ठे बांधले जायचे आणि तिथून मुंबईला. शेतकऱ्याला पैसे हातोहात मिळत नसत. आधी उचल घेतलेली असायची, पावसात तांदूळ नेलेला असायचा, ते सगळं वजा होऊन मग शिल्लक.

शेठकडे दोन वह्या असायच्या. एक रोजकीर्द, तिच्यात ज्या दिवशी जे झालं ते ओळीने लिहायचं. दुसरी खतावणी, तिच्यात प्रत्येक माणसाचं वेगळं पान. कीर्द म्हणजे दिवसाचा हिशेब, खतावणी म्हणजे माणसाचा. कीर्दीतून खतावणीत उतरवताना चांगला मुनीम मूळची मिती बरोबर घ्यायचा, कारण व्याज मितीवर चालतं. उचल कार्तिकात घेतली की आश्विनात, यावर एका महिन्याचं व्याज अवलंबून. आणि गवत टाकलं त्या दिवशी जमा धरायचं की गठ्ठे बांधून वजन झालं त्या दिवशी, यावर आणखी एका महिन्याचं.

आमच्या आजीला लिहिता येत नव्हतं. ती पडवीच्या भिंतीवर गेरूने रेघ ओढायची, एका गाडीला एक रेघ, आणि अमावस्या-पुनवेला आडवी खूण. म्हणजे तिचीही कीर्दच होती. एका वर्षी एका व्यापाऱ्याच्या हिशेबात आमच्या चार गाड्या नव्या चोपडीत गेल्या, म्हणजे पाडव्यानंतर जमा झाल्या. गाड्या टाकल्या होत्या पाडव्याआधी. गवत कमी लिहिलं नव्हतं, भावही बरोबर होता. फक्त तारीख सरकली होती आणि तेवढ्यात जुन्या बाकीवर व्याज चढलं. आजी बाबांना घेऊन वखारीवर गेली आणि भिंतीवरच्या रेघा बोटं मोडून सांगितल्या. मुनिमाने कीर्द काढली. कीर्दीत गाड्या पाडव्याआधीच्या होत्या, खतावणीत नंतरच्या. दोन वह्या होत्या म्हणून ते सापडलं. एकच वही असती तर आजीच्या रेघांना कुणी विचारलं नसतं.

एक मात्र त्या लोकांचं घेण्यासारखं होतं. त्यांनी खतावणीतली ओळ खोडली नाही. खाली नवी ओळ लिहिली, अमुक मितीचं जमा आज दुरुस्त केलं म्हणून. वहीत खाडाखोड असली की ती वही कोर्टात टिकत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

सरकारने जमिनीचे कागदही याच रीतीने बांधले आहेत. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. ती कीर्द समजा. सातबारा ही खतावणी. जमिनीवर हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यायची, असं १९६६ च्या महसूल अधिनियमाचं कलम १४९ सांगतं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तो तलाठीच.) वर्दी आली की फेरफाराला क्रमांक पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. तारखा मोजा. माणूस मेला ती एक, वर्दी दिली ती दुसरी, नोंद धरली ती तिसरी, प्रमाणित झाली ती चौथी. आणि हक्क? हक्क पहिल्या तारखेला मिळाला. बाकीच्या तीन फक्त कागदाच्या.

सातबाऱ्यावर जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहितात. हाताच्या सातबाऱ्याचं पुस्तक साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहायचे आणि जुनं रेकॉर्डला ठेवायचे. त्यामुळे १९६५ साली सातबारा काय म्हणत होता हे आजही बघता येतं. १९६५ साली खरं काय होतं हा प्रश्न वेगळा. दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

खरेदीखतालाही असंच आहे. नोंदणीचा कायदा १९०८ चा. खत केल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदवायला दाखल करता येतं. पण नोंदणी झाली की खत लागू होतं ते नोंदणीच्या दिवसापासून नाही, तर नोंदणीची गरजच नसती तर ते ज्या दिवसापासून लागू झालं असतं त्या दिवसापासून. कलम ४७. मधल्या काळात त्याच जमिनीचं दुसरं खत कुणी केलं, तर पहिलं कुठलं हे शिक्क्याच्या तारखेवरून ठरवू नका.

आमच्या घरात या तारखांनी काय केलं ते आता सांगतो.

गावाच्या खालच्या अंगाला आमची दीड एकर भातजमीन. ती मूळची आमची नव्हे. मालक मुंबईचा, आजा कुळ. १९४८ चा कुळकायदा आला, १९५६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता, त्याने ती विकत घेतली असं कायद्याने मानलं. मानलं हा शब्द महत्त्वाचा. त्या दिवशी आजाने एक पैसा दिला नाही, कुठं अंगठा उठवला नाही. त्याला बहुधा त्या दिवशी काही कळलंही नसेल. चैत्राच्या तोंडावर तो राब भाजत असेल. आणि तरी त्या सकाळी तो मालक झाला.

पुढचं काम न्यायाधिकरणाचं. कलम ३२ ग खाली किंमत ठरवायची. साध्या कुळाला जमिनीच्या आकाराच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत. ती एकदम नाहीतर जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत भरायची. सगळी भरली की ३२ म चा दाखला. एवढ्या गावांची, एवढ्या कुळांची प्रकरणं, त्याला वर्षं लागली. आमची नोटीस आली १९६२ ला, आजाच्या नावाची. आजा १९५९ च्या जून महिन्यातच गेला होता. आजी म्हणायची, "तो जेला तवा मिरगाचा पहिला पाऊस पडला व्हता." मेलेल्या माणसाला सुनावणीला बोलावलं म्हटल्यावर बाबा आणि काका गेले. त्यांनी आम्ही वारस म्हणून सांगितलं, तसे दोघे कागदावर लागले. हप्ते दोघांनी भरले. दाखला मिळाला १९७३ साली, दोघांच्या नावाचा. मधल्या काळातल्या साऱ्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत. त्यांवर खातेदार म्हणून आजाचं नाव आणि पुढं 'हस्ते' म्हणून बाबांचं. मेलेला माणूस वर्षानुवर्षं मुलाच्या हाताने सारा भरत होता.

आजाला तीन मुलं. बाबा, काका आणि वांगणीला दिलेली आत्या. १९६२ च्या जबाबात आत्याचं नाव नाही. कुणी दुष्टपणाने गाळलं असं मी म्हणणार नाही. त्या काळात लग्न होऊन गेलेली बहीण वारसात सांगायची असते हेच कुणाच्या मनात येत नसे. पण हिंदू वारसा कायदा १९५६ च्या जूनमध्ये लागू झालेला होता, आणि त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस होती.

हे सगळं पन्नास वर्षं झोपलं होतं. २०१० साली जमीन विकायची बोलणी सुरू झाली. बदलापूर तोवर भाताचं गाव राहिलं नव्हतं, गुंठ्याचे भाव ऐकून म्हातारी माणसं गप्प व्हायची. घेणाराच्या वकिलाने शोध घेतला आणि एकच प्रश्न विचारला. आजाला मुलगी होती का?

घरात दोन मतं झाली. चुलतभाऊ म्हणाला, दाखला १९७३ चा आहे. जमीन आपल्या बापांनी घेतली, हप्ते त्यांनी फेडले, आजाचा इथं संबंध येतोच कुठं? त्याचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नव्हतं. पैसे खरोखरच बाबांनी आणि काकांनी गवत विकून भरले होते. जमीन १९७३ ला घेतली असं धरलं तर आत्याला काही नाही. जमीन १९५७ ला घेतली असं धरलं तर ती आजाची, आजा १९५९ ला गेला, आणि त्याच दिवशी आत्याचा हिस्सा पडला. सगळं एका तारखेवर. तिसरा हिस्सा म्हणजे २० गुंठे.

आम्ही कल्याणच्या एका जुन्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितलेलं मला आजही पाठ आहे. कृषकदिनाची मालकी कुळाकडे कधी जाते, हा प्रश्न श्रीराम रामनारायण मेढी यांच्या दाव्यात १९५८ सालीच सर्वोच्च न्यायालयात आला होता. उत्तर मिळालं, कृषकदिनालाच. पुढं किंमत भरली नाही तर ती खरेदी मोडते, पण तोवर मालक कुळच. वकील म्हणाले, हप्ता चुकला असता तर १९५७ ची खरेदी नाहीशी झाली असती. तुमचा चुकला नाही, म्हणून ती १९५७ पासूनच खरी. १९७३ चा दाखला हा खरेदीचा पुरावा आहे, खरेदीचा दिवस नव्हे. आणि हप्त्यांचं म्हणाल, तर तुमच्या बापांनी त्यांच्या बापाचं देणं फेडलं.

मग आजा कधी गेला ते सिद्ध करायचं राहिलं. पहिला पाऊस सांगून भागणार नव्हतं. तालुक्याला जुने गाव नमुना १४ असतात, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म आणि मरणाच्या नोंदी. जातीच्या दाखल्यासाठी हल्ली लोक त्याची नक्कल काढतात. त्यात आजा सापडला. मृत्यूची तारीख ११ जून १९५९, नोंदीची तारीख १४ जून. त्या कोतवालाला कुणी शिकवलं होतं माहीत नाही, पण त्याने दोन्ही लिहिल्या होत्या. आजीचा मृगाचा पाऊसही बरोबर निघाला.

ओटीवर बैठक बसली. आत्या ऐंशीच्या घरात होती, नातवाने गाडीतून आणली. कुणीतरी हक्कसोडीचं बोललं, बहिणी देतात तसं सही देऊन टाका. आत्या म्हणाली, "मना पैशांचा काय करायचा? पन बापाच्या कागदावर माजा नाव दिसला पायजे." चुलतभाऊच पहिला उठला आणि म्हणाला, लावा. २०११ साली तिचं नाव लागलं. नवा फेरफार झाला. १९६२ चा आणि १९७३ चा फेरफार जागच्या जागी आहे, त्यांना कुणी हात लावला नाही. आज कुणीही ते तीन कागद शेजारी ठेवले तर त्याला दिसेल की आत्याचा हक्क १९५९ पासून होता आणि कागदाला ते २०११ ला कळलं. मधल्या ५२ वर्षांच्या भाताचा आणि गवताचा हिशेब आत्याने मागितला नाही. मागितला असता तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. कागद मागच्या तारखेपासून दुरुस्त होतो, माणसाने मधे ओढलेली वर्षं दुरुस्त होत नाहीत.

असे प्रश्न आता घरोघर आहेत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली. लोक विचारत राहिले, त्या दिवशी बाप जिवंत असायला हवा का? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या दाव्यात सांगितलं, गरज नाही. हक्क जन्माचा आहे. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मोडायच्या नाहीत. जन्म, कायदा, वाटणी, निकाल, चार वेगळ्या तारखा. बहीण दारात आली की आधी या चार मांडा, मग आवाज चढवा.

माझा पुतण्या ऐरोलीला विम्याच्या कंपनीत संगणकाचं काम करतो. त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, काका, आमचं निम्मं डोकं याच्यातच जातं. पॉलिसी लागू १ तारखेपासून, गिऱ्हाइकाने पत्ता बदलला १० तारखेला, आम्हाला कळवलं २० ला, अपघात झाला १५ ला. संगणकाने जुना पत्ता पुसून नवा लिहिला तर १५ तारखेला आमच्याकडे काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला दोन काळ ठेवतात. गोष्ट खरी कधीपासून कधीपर्यंत तो व्हॅलिड टाइम, आणि ती आमच्या दप्तरात कधीपासून कधीपर्यंत होती तो ट्रान्झॅक्शन टाइम. तो म्हणाला, माहिती साठवायची एसक्यूएल म्हणून भाषा आहे, तिच्या जगभरच्या नियमांत हे २०११ साली आलं. मी म्हटलं, आमच्या आत्याचं नाव लागलं तेच साल. पैवस्तीची नोंद, कीर्द आणि खतावणी, फेरफार आणि सातबारा, हेच ते. त्याला कंसाची गोष्ट फार आवडली. त्यांच्याकडेही पुसायचं नसतं, जुन्या ओळीला शेवटची तारीख घालून ती बंद करायची आणि नवी उघडायची.

आता आमचा सातबाराही संगणकावर आहे. नव्या नमुन्यात शेवटचा फेरफार क्रमांक आणि त्याची तारीख छापलेली असते, एखादा फेरफार प्रलंबित असेल तर तेही दिसतं. ही मोठी सोय आहे. पूर्वी नोंद धरलेली आहे पण प्रमाणित व्हायची आहे, अशा मधल्या दिवसांत फसवणुका व्हायच्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतःच्या मोबाईलवर बांधावर उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. त्यातही दोन वेळा आहेत, फोटो काढल्याची आणि रेंज मिळून तो पोचल्याची.

पुरात याचं महत्त्व कळतं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी गावात शिरली. पाणी आलं त्या दिवशी पंचनामा कोण करणार? ते नंतर सुरू झाले. पाणी ओसरलं होतं, घरं धुतलेली होती, कुजलेला भात बाहेर टाकलेला होता. पंचनाम्याच्या दिवशी जे दिसलं ते लिहिलं गेलं. ज्यांनी घर धुवायची घाई केली त्यांचं नुकसान कागदावर कमी भरलं. २०१९ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली तो पूर. तोवर लोक शहाणे झाले होते. पाणी घरात असतानाच पोरांनी भिंतीवरच्या रेषेचे फोटो काढले, आणि फोटोवर तारीख-वेळ येईल असं बघितलं.

म्हणून माझ्याकडे कागद घेऊन कुणी आलं की मी आधी पेन्सिलीने मागच्या बाजूला तीन ओळी पाडतो. घडलं, लिहिलं, लागू. जिथं रिकामी जागा राहते तिथं भांडण असतं. घरात कुणी गेलं तर तेराव्याची वाट न बघता मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा आणि वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्या. वर्दी देताना बहिणींची नावं आधी सांगा. वर्दीची पोच घ्या आणि त्या पोचेवर तारीख आहे का ते दारातच बघा. उसने पैसे, गवत, भात, काहीही दिलं-घेतलं तर दिल्याचा दिवस लिहा आणि लिहिल्याचा दिवसही लिहा. चुकलं तर खोडू नका, खाली नवी ओळ लिहा.

आत्या २०१६ ला गेली. तिच्या मुलांनी दुसऱ्या महिन्यात वर्दी दिली, चारही भावंडांची नावं घालून. त्यात दोन मुली आहेत.